मिनी ट्रॅक्टर घ्यायचाय? आधी बागेत टेप धरा

द्राक्ष किंवा डाळिंबाच्या बागेसाठी मिनी ट्रॅक्टर घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एचपीचा घ्यायचा? शेजाऱ्याकडे २४ चा आहे, म्हणून आपण २७ चा घेऊ, पुढे कामाला येईल, असा हिशेब होतो आणि मग नवाकोरा ट्रॅक्टर डिसेंबरच्या भरलेल्या बागेत शिरताना घड खरवडत जातो. हा क्रमच उलटा आहे. एचपी सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो. आधी ओळीतली मोकळी जागा बघायची, मग त्या जागेत सर्वांत जास्त तास चालणारं अवजार, आणि मग ते अवजार पेलणारं ट्रॅक्टरचं वजन. एवढं कागदावर उतरलं की एचपी निवडायला फारसं काही उरतच नाही.

बाजारात मिनी म्हणून जे मिळतं ते साधारण १५ ते ३० एचपीच्या दरम्यानचं. १५ च्या आसपास महिंद्रा युवराज २१५, स्वराज ७१७ यांसारखे एका सिलिंडरचे ट्रॅक्टर. २१ ते २४ मध्ये कुबोटा निओस्टार ए२११एन, महिंद्रा जिवो २४५ असे फोर व्हील ड्राइव्हचे. २७-२८ ला महिंद्रा ओजा २१२७, जॉन डिअर ३०२८ईएन. ही नावं फक्त गट कळावेत म्हणून दिली आहेत. कोणता चांगला ते तुमची बाग आणि तुमच्या तालुक्यातला मेकॅनिक ठरवणार.

बाग भरलेली असताना मोजा

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेत उभं राहिलं की ९ फुटांची ओळ मैदानासारखी मोकळी दिसते. तेव्हा घेतलेलं माप काही कामाचं नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर दीड-दोन महिन्यांनी, शेंडे लोंबायला लागले आणि घड खाली आले, की मग टेप काढायचा.

मापं तीन उंचीवर घ्यायची. पहिलं जमिनीलगत. ९ फुटांच्या ओळीत ३ फुटांचा बोद (वेलींखालचा मातीचा उंच वरंबा) धरला तर चाकांना उरले ६ फूट. बोदाच्या कडेला ड्रिपची नळी सरकलेली असते, ती धरून साडेपाचच समजा. दुसरं माप छातीच्या उंचीवर. वाय पद्धतीत, म्हणजे वेली Y आकाराच्या आधारावर असतात तिथे, दोन्ही बाजूंचे हात ओळीत दीड-दोन फूट येतात, म्हणजे मधे ५ फूट. त्यातून वाढलेला शेंडा लोंबला की प्रत्यक्षात ४ ते साडेचार. मडगार्ड आणि बसलेल्या माणसाचे खांदे जातात ते याच पट्ट्यातून. तिसरं माप डोक्याच्या उंचीचं, आणि वर तारांचं छत असलेल्या मंडप पद्धतीत ते सगळ्यात महत्त्वाचं. तारा ६-साडेसहा फुटांवर असल्या तरी पिकाच्या वजनाने त्या मधे झुकतात, आणि घड त्याच्याही खाली येतात. उभा सायलेन्सर असलेला ट्रॅक्टर मंडपाखाली नेणं म्हणजे घड भाजत जाणं. सायलेन्सर आडवा किंवा खाली सोडलेला हवा, आणि मागचा रोलबार (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी कमान) दुमडता यायला हवा.

सगळ्या ओळी मोजत बसू नका. सगळ्यात वाईट ओळ शोधा. प्रत्येक बागेत एक तरी अशी असते: खांब तिरका झालेला, लागवडीच्या वेळी दोरी सरकलेली, किंवा शेवटची बांधालगतची. ट्रॅक्टर त्या ओळीतून गेला तर बाकी सगळीकडून जातो.

शोरूमला जाण्याआधी एक साधा उद्योग करून बघण्यासारखा आहे. माहितीपत्रकावरची ट्रॅक्टरची एकूण रुंदी आणि स्टिअरिंगपर्यंतची उंची बघा आणि त्या मापाची बांबूची किंवा पीव्हीसी पाइपची चौकट बांधा. दोघांनी ती दोन बाजूंनी धरून त्या वाईट ओळीतून चालत जायचं. चौकट कुठे अडते, किती घडांना घासते, ते दहा मिनिटांत दिसतं. रुंदी बघताना ‘एकूण रुंदी’च बघायची. दोन चाकांच्या मध्यातलं अंतर वेगळं लिहिलेलं असतं, ते नेहमी कमी भरतं आणि विक्रेता हटकून तेच सांगतो. बहुतेक मिनींमध्ये मागची रिम उलटी करून चाकं आत-बाहेर घेता येतात, तेव्हा किमान आणि कमाल दोन्ही आकडे मागा.

ओळ संपते तिथलं माप तर बहुतेकांच्या डोक्यातच नसतं. ट्रॅक्टरची वळणाची त्रिज्या कागदावर २ ते अडीच मीटर असते, म्हणजे सात-आठ फूट. ९ फुटांवरच्या लगतच्या ओळीत थेट वळायचं तर त्रिज्या साडेचार फूट लागेल, ते कुठल्याच ट्रॅक्टरला जमत नाही. म्हणून एक ओळ सोडून तिसऱ्या ओळीत शिरायची पद्धत आहे: तिथे १८ फुटांचं वळण मिळतं आणि गाडी एका दमात फिरते. त्यासाठी ओळीच्या टोकाला १२-१५ फूट मोकळे लागतात, आणि मागे ओढता ब्लोअर (पंख्याने औषध फवारणारं यंत्र) असेल तर आणखी. ताणाच्या तारा आणि अँगल बांधापर्यंत गेलेले असतील तर मात्र ट्रॅक्टर कितीही छोटा घ्या, दर ओळीला मागे-पुढे करावंच लागणार.

डाळिंबाचं गणित थोडं सैल असतं. सोलापूर-सांगोल्याकडे किंवा मालेगाव-सटाण्याकडे भगवा वाणाची लागवड साधारण १५ बाय १० फुटांवर असते. झाडाचा घेर दोन्हीकडून चार-साडेचार फूट आला तरी मधे सहा-सात फूट राहतात. २४-२८ चा ट्रॅक्टर तिथे निभावतो. त्रास असतो तो फळाच्या वजनाने वाकलेल्या फांद्यांचा आणि काट्यांचा. पुढच्या टायरमध्ये चांगल्या प्रतीची ट्यूब घालणं आणि हायड्रॉलिकच्या उघड्या नळ्यांना आवरण चढवणं हा खर्च धरूनच चाला.

द्राक्षासोबत ऊसही आहे, त्याची भरणीही (उसाला माती लावणं) याच ट्रॅक्टरने करायची आहे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ५ फुटांच्या सरीत फुटवे वाढल्यावर मधे जेमतेम तीन फूट उरतात, त्यामुळे एकूण रुंदी तीन फुटांच्या आत हवी आणि पोटाखालची उंची भरपूर हवी. म्हणजे १५ ते १८ एचपीचा अरुंद ट्रॅक्टर. तो द्राक्षाचा मोठा ब्लोअर नीट ओढणार नाही. दोन्ही पिकांना तडजोडीचा ट्रॅक्टर घेण्यापेक्षा भरणी भाड्याने करून घेतलेली बरी, असं माझं मत आहे.

वर्षभराचे तास मांडा

एका कागदावर कामं लिहा आणि प्रत्येकासमोर वर्षाचे तास. पाच एकर द्राक्षाचा नमुना घेऊ. पावसाळी वर्षात हंगामभरात ४० फवारण्या धरल्या आणि एका फवारणीला तीन तास, तर १२० तास झाले. माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर वर्षातून पाच-सहा वेळा, दर वेळी तीन-चार तास: वीसेक तास. शेणखत पसरणं, माल रस्त्यापर्यंत नेणं, काड्यांचा भुगा करणं, सगळं मिळून आणखी तीस-चाळीस. नांगरट? बाग उभी असेपर्यंत शून्य.

म्हणजे या ट्रॅक्टरचं आयुष्य ब्लोअर ओढण्यात जाणार आहे. तरीही घेताना लोक विचारतात, पलटी नांगर ओढेल का. बारा-पंधरा वर्षांतून एकदा बाग मोडल्यावर जी खोल नांगरट लागते, ती ५० एचपीचा ट्रॅक्टर भाड्याने आणून दोन दिवसांत उरकते. त्या दोन दिवसांसाठी उरलेली सगळी वर्षं जड ट्रॅक्टर बागेत फिरवायचा, आणि त्याच्या वजनाने बोदाच्या दोन्ही कडांना जमीन दाबून पांढरी मुळी गुदमरवायची, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. काळ्या जमिनीत वाफसा नसताना चाळीस वेळा चाकं एकाच पट्ट्यातून जातात हे लक्षात घ्या. बागेत हलका ट्रॅक्टर आणि रुंद टायर हे जोडपं नेहमीच सरस.

रोटाव्हेटर: टायरच्या खुणा मोडल्या पाहिजेत

रोटाव्हेटरची रुंदी मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत तरी पोहोचायला हवी. ती कमी पडली तर दोन्ही बाजूंना टायरने दाबलेला कडक पट्टा तसाच राहतो, आणि पाणी आणि मुळ्या दोन्ही तिथे अडतात. त्यामुळे ट्रॅक्टर जितका रुंद, तितका रोटाव्हेटर रुंद, आणि तितकी ताकद जास्त. एका फुटाला ६ ते ८ एचपी हा कामचलाऊ आडाखा आहे, हलक्या जमिनीत सहा आणि चिकण काळ्या जमिनीत आठ. ३ फुटी रोटाव्हेटरला १८ ते २४, ४ फुटीला २४ ते ३२.

वेळेतला फरक बघा. एका एकरात ९ फुटी ओळी असतील तर ओळींची एकूण लांबी ४,८४० फूट, म्हणजे सुमारे १,४७५ मीटर. ताशी अडीच किलोमीटरने एक फेरी मारायला ३५ मिनिटं. ४ फुटी रोटाव्हेटर मधला पट्टा एका फेरीत उरकतो, ३ फुटी असेल तर दोन फेऱ्या लागून वेळ दुप्पट होतो. पण हे काम वर्षातून पाच-सहा वेळाचं आहे. त्यासाठी रुंद ट्रॅक्टर घेऊन फवारणीच्या चाळीस फेऱ्यांना घड खरवडायचे का, ते ठरवा. बोदाच्या जवळ जायचं असेल तर एका बाजूला सरकवता येणारा रोटाव्हेटर मिळतो, तो जास्त उपयोगी.

ब्लोअर, आणि उचलण्याची फसवी क्षमता

माहितीपत्रकावर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं: हायड्रॉलिक लिफ्ट ७५० किलो. वाचणाऱ्याला वाटतं, चला, ४०० लिटरची टाकी मागे अडकवता येईल. हायड्रॉलिक उचलेलही. पण उचलल्यावर ट्रॅक्टर वळेल का, हा प्रश्न वेगळा आहे.

हिशेब सोपा आहे. समजा ट्रॅक्टर ८०० किलोचा, त्यातले ४० टक्के, म्हणजे ३२० किलो, पुढच्या चाकांवर. पुढच्या आणि मागच्या आसातलं अंतर दीड मीटर. मागे अडकवलेल्या ब्लोअरचा गुरुत्वमध्य मागच्या आसापासून १.१ मीटर मागे. टाकीत ४०० लिटर पाणी आणि सांगाडा, पंप, पंखा मिळून १२० किलो, असा ५२० किलोचा बोजा. पुढच्या चाकांवरून किती वजन उचललं जाईल? ५२० गुणिले १.१ भागिले १.५, म्हणजे सुमारे ३८० किलो. पुढे होते ३२०. ट्रॅक्टर तोंड वर करणार.

स्टिअरिंग ताब्यात राहायला ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या चाकांवर हवा, असा नियम वापरतात. इथे तो १६० किलो. म्हणजे मागे अडकवता येणारा बोजा उरतो फक्त २२० किलोच्या आसपास, सांगाड्यासकट. पुढच्या आसापासून अर्धा मीटर पुढे ६० किलोची वजनं लावली तर तो ३०० पर्यंत जातो. ७५० चा आकडा कुठे आणि हा कुठे! बांधावरून चढताना तोंड उचलणारे ट्रॅक्टर बागेत दिसतात, ते यामुळेच. त्यात चालकाने क्लच झटक्यात सोडला की गाडी मागे उलटायला वेळ लागत नाही.

म्हणून ५००-६०० लिटरचा ब्लोअर हवा असेल तर तो स्वतःच्या चाकांवरचा, ओढता घ्या. तिथे ट्रॅक्टरला उचलायचं काहीच नसतं. ओढायचं असतं आणि मुख्य म्हणजे थांबवायचं असतं. ८०० किलोचा ट्रॅक्टर आणि मागे भरलेला ८०० किलोचा ब्लोअर, उतारावर, ओल्या गवतात. ब्रेक फक्त ट्रॅक्टरला. उताराची बाग असेल तर ट्रॅक्टर थोडा जड आणि ब्लोअर थोडा लहान घ्या, एवढंच सांगता येईल.

पंख्याला लागणारी ताकद ही दुसरी गोष्ट. ब्लोअरच्या माहितीपत्रकावर किमान एचपी छापलेला असतो, तो इंजिनचा की पीटीओचा (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचा) हे विचारून घ्या. इंजिनची ताकद पीटीओपर्यंत पोहोचताना १० ते १५ टक्के गळते, म्हणजे २१ एचपीच्या ट्रॅक्टरकडून पीटीओवर अठराच्या आसपास धरायचे. शिवाय ट्रॅक्टरला स्वतःला ओढायला, चढावर ब्लोअर खेचायला काही ताकद राखून ठेवावी लागते. पंख्याने सगळी ताकद खाल्ली तर चढावर इंजिन बसतं, पीटीओचे फेरे मिनिटाला ५४० वरून खाली येतात आणि नेमक्या तिथल्या ओळीत औषध कमी पोहोचतं. डाऊनी, म्हणजे केवडा रोग, तिथूनच सुरू होतो.

वेळ कुठे जातो

मोठ्या एचपीच्या बाजूने नेहमी एकच कारण दिलं जातं: फवारणी लवकर उरकते. बघू या. एकरी १,४७५ मीटर ओळ, ताशी ४ किलोमीटर वेग: २२ मिनिटं. पाच एकराला १ तास ५० मिनिटं, वळणं वेगळी. आता वेग ५ केला तर १ तास २८ मिनिटं. वाचली २२ मिनिटं, तीही पानोळ्यात औषध नीट शिरण्याच्या मोबदल्यात.

भरलेल्या बागेला एकरी ४०० लिटर पाणी धरलं तर पाच एकराला २,००० लिटर, म्हणजे ५०० लिटरच्या चार टाक्या. विहिरीवर जाऊन, पाइप लावून, औषध मिसळून परत यायला दर वेळी १५-२० मिनिटं. इथे एक-सव्वा तास जातो. बागेच्या कडेला उंचावर टाकी बांधून दोन इंची पाइपने पाणी सोडलं, औषधाचं द्रावण आधीच कालवून ठेवलं, तर ब्लोअर पाच मिनिटांत भरतो आणि पाऊण तास वाचतो. २१ ऐवजी २८ एचपी घेण्यातल्या फरकात अशी टाकी बांधून होईल आणि पैसे उरतील.

टू व्हील की फोर व्हील

इथे मी काटकसर करायला सांगणार नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाशिककडे अवकाळी पाऊस लांबला, तेव्हा प्रश्न एचपीचा नव्हताच. पाऊस उघडल्यावर काही तासांत फवारणी व्हायला हवी होती आणि काळ्या जमिनीत चाक टेकत नव्हतं. अशा वेळी चारही चाकं ओढणारा हलका ट्रॅक्टर पाच-सहा तास आधी बागेत शिरतो. डाऊनीच्या हिशेबात ते पाच-सहा तास फार मोठे असतात. म्हणून भारी काळी जमीन असेल तर फोर व्हीलच. मुरमाड, निचऱ्याची, सपाट जमीन असेल, डाळिंब असेल, तर टू व्हीलवर भागतं आणि लाखाच्या आसपास रक्कम वाचू शकते.

फोर व्हीलची दोन पथ्यं. डांबरी रस्त्यावर पुढचा ड्राइव्ह काढून चालवायचं, नाहीतर पुढचे टायर वर्षात गुळगुळीत होतात. आणि टायर बदलताना कंपनीने दिलेलाच आकार घालायचा. पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांचं प्रमाण ठरलेलं असतं. ते बिघडलं की ताण गिअरवर येतो.

आता एचपी

मापं, तास, रोटाव्हेटर, ब्लोअर, जमीन हे सगळं मांडल्यावर चित्र साधारण असं दिसतं. एक-दीड एकर, हलकी जमीन, अडीच-तीन फुटी रोटाव्हेटर, मागे अडकवलेली २०० लिटरची टाकी, पंखा नसलेला, नुसत्या दाबाने फवारणारा एचटीपी पंप: १५ ते १८ पुरे. एका सिलिंडरचं इंजिन थरथरतं, तीन तास सलग बसल्यावर हाताला मुंग्या येतात, पण मेकॅनिक गावात मिळतो. ८-९ फुटी ओळी, तीन ते आठ एकर, ओढता ५०० लिटरचा ब्लोअर: २१ ते २४ फोर व्हील. नाशिक-सांगली पट्ट्यातल्या बहुतेक बागांचं उत्तर हेच आहे. १० फूट किंवा त्याहून मोठ्या ओळी, दहा एकरांच्या पुढे, ४ फुटी रोटाव्हेटर, ६०० लिटरचा ब्लोअर किंवा चढ-उतार: २७ ते ३०. त्याच्या वर बागेसाठी जायला मला कारण दिसत नाही.

नऊ आणि दहा फुटांच्या ओळींमध्ये अडकला असाल तर लहान गाडीकडे झुका. कमी पडलेली ताकद एक गिअर खाली टाकून भागवता येते, जास्त झालेली रुंदी कशानेच कमी होत नाही. दोन वेगांचा पीटीओ मिळत असेल तर घ्या. नुसता पंप चालवायचा असतो तेव्हा कमी फेऱ्यांवर इंजिन चालतं आणि डिझेल वाचतं.

बुदनीचा अहवाल मागा

मध्य प्रदेशातल्या बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिथे तपासलेल्या प्रत्येक मॉडेलचा अहवाल निघतो. माहितीपत्रक विकण्यासाठी छापलेलं असतं, या अहवालात मोजलेले आकडे असतात. त्यात चारच गोष्टी बघा: पीटीओवर प्रत्यक्ष मिळालेली कमाल ताकद, त्या वेळी तासाला लागलेलं डिझेल, ब्रेक लावून आणि न लावता वळणाची त्रिज्या, आणि पुढच्या-मागच्या चाकांवरचं वेगवेगळं वजन. हा शेवटचा आकडा वरच्या तोंड उचलण्याच्या गणितात थेट बसवता येतो. विक्रेत्याकडे अहवाल नसेल तर कंपनीकडून मागवून द्या म्हणावं. अनुदानाच्या कागदपत्रांत तो लागतोच, त्यामुळे ‘मिळत नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

डेमो शोरूमच्या अंगणात नको

डेमो तुमच्या बागेत, तुमच्या वाईट ओळीत, तुमच्याच भरलेल्या ब्लोअरसह. रिकाम्या टाकीचा डेमो घेतला न घेतला सारखाच. जमलं तर आदल्या दिवशी त्या ओळीला पाणी सोडा. चढावर मधेच थांबवून पुन्हा उचलायला सांगा. ओळीच्या टोकाला तिसऱ्या ओळीत एका दमात वळतो का बघा. पीटीओ चालू ठेवून क्लच दाबल्यावर पंखाही थांबत असेल तर क्लच सिंगल आहे. ओळीच्या टोकाला गाडी थांबली की फवारा तुटणार. डबल क्लच असेल तर गाडी थांबते, पंखा चालू राहतो. बागेच्या कामात हा फरक रोज जाणवतो.

जो माणूस रोज चालवणार आहे त्याला बसवा, मालकाने बसून उपयोग नाही. त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागतात का, गिअरचा दांडा मांड्यांच्या मधे येतो का, मान वळवून ब्लोअर दिसतो का. तीन तास बसायचं त्याला आहे.

अनुदान आणि पैसे

अनुदानासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करायची नाही. आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. समाजकल्याण विभागाची अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठीची योजना वेगळी आहे. तिथे मिनी ट्रॅक्टर ९ ते १८ एचपीचाच लागतो, आणि साडेतीन लाखांच्या मर्यादेत उपसाधनांसह ९० टक्के अनुदान मिळतं. म्हणजे तिथे एचपी सरकारनेच ठरवून दिलाय. तेव्हा ब्लोअर आणि रोटाव्हेटर त्या मापाचे निवडायचे, उलट नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या कोटेशनवर भाव ठरवू नका.

कंपनी निवडताना सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते बघा, आणि नोव्हेंबरमध्ये क्लच प्लेट किती दिवसांत मिळते ते आधीच्या गिऱ्हाइकांना विचारा. फोर्स मोटर्सने २०२४ मध्ये ट्रॅक्टरचा व्यवसाय बंद केला, त्यांचे ऑर्चर्ड ट्रॅक्टर अनेक बागांत आजही चालतात. जुना बाजार बघताना असे स्वस्तात मिळतील. घ्यायला हरकत नाही, पण सुट्या भागांची सोय कोण करतो ते आधी ठरवून.

जुना कुठलाही घेताना तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, त्याची केबल काढून ठेवता येते. भरलेलं अवजार उचलून इंजिन बंद करा आणि चहा प्या. चहा होईपर्यंत अवजार खाली टेकलं तर हायड्रॉलिकचा खर्च आहे. पुढची चाकं उचलून हाताने हलवा, किंगपिनचा (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचा) ढिलेपणा लगेच कळतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

डिलिव्हरीच्या दिवशी

नवा ट्रॅक्टर आला की पीटीओचा शाफ्ट तुमच्या ब्लोअरला आणि रोटाव्हेटरला वेगवेगळा जुळवून घ्यावा लागतो. बाजारातून आलेला शाफ्ट बहुतेक वेळा लांब असतो. तसाच बसवला तर अवजार उचलताना किंवा तीव्र वळणावर दोन्ही नळ्या एकमेकींत टेकतात आणि दणका पीटीओच्या बेअरिंगला बसतो. उचलून, खाली सोडून आणि पूर्ण वळवून अशा तिन्ही अवस्थांत मोजा, मग कापा. सगळ्यात ताणलेल्या अवस्थेतही एक तृतीयांश भाग एकमेकांत राहिला पाहिजे. कापल्यावर कडा घासून गुळगुळीत करा, ग्रीस भरा, आणि प्लास्टिकचं आवरण परत चढवा. ते आवरण अडचणीचं म्हणून पहिल्याच आठवड्यात काढून फेकणारे खूप आहेत. धोतर, उपरणं, साडीचा पदर किंवा रेनकोटची नाडी ५४० फेऱ्यांच्या शाफ्टमध्ये अडकली तर माणसाला हात सोडवायलाही वेळ मिळत नाही.

नंतर टायरमधली हवा. शोरूममधून गाडी ट्रकवर चढवताना ती जास्त भरलेली असते. पुस्तिकेत शेतीच्या कामासाठी दिलेल्या आकड्यावर आणा आणि पहिल्या पन्नास तासांनंतरची सर्व्हिसिंग हंगामाच्या मध्यात येणार नाही, अशा बेताने गाडी सप्टेंबरच्या आत घरी आणा.